चालणं, वजनं की सायकल? पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंच्या हृदयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ताई ४८ वर्षांच्या. ठाणे जिल्ह्यातल्या एका शहरात घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवतात. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव गाळलं आहे आणि काही तपशील बदलले आहेत. पहाटे साडेचारला कणीक भिजवण्यापासून दिवस सुरू होतो. डब्यांची गर्दी दुपारी दोनला ओसरते आणि संध्याकाळी पाचला तवा पुन्हा चढतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.

त्यांच्या फिजिशियन डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्यांना व्यायाम आखून देणं हे माझं रोजचं काम. चिठ्ठीवर एवढंच होतं : 'स्थूलता, उच्च रक्तदाब, जिना चढताना दम. व्यायामाचा सल्ला द्यावा.'

उंची १५४ सेंटिमीटर, वजन ८८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३७. भारतीयांसाठी २५ च्या वर स्थूलता धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटात चरबी जास्त साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. म्हणून वजनापेक्षा पोटाचा घेर मला जास्त सांगून जातो. स्त्रियांमध्ये तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा. ताईंचा १०८ होता.

रक्तदाबाची अमलोडिपिन ही ५ मिलिग्रॅमची गोळी चालू असूनही रक्तदाब १४८/९२. विश्रांतीतली नाडी मिनिटाला ८८. एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, ६.२ : मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड १९०, 'चांगलं' कोलेस्टेरॉल एचडीएल ३९, 'वाईट' एलडीएल १३८. ईसीजी ठीक. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची आकुंचनाची ताकद उत्तम होती, पण डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड झाली होती आणि कप्पा सैल पडायला वेळ लागत होता.

या शेवटच्या ओळीतच त्यांच्या दम्यासारख्या वाटणाऱ्या धापेचं मूळ होतं. शरीर मोठं झालं की त्याला जास्त रक्त लागतं. रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं आणि हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. त्यात रक्तदाब वाढलेला असेल तर भिंत जाड आणि ताठ होत जाते. बसलेलं असताना काही जाणवत नाही. जिना चढताना नाडी वाढते, कप्पा भरायला मिळणारा वेळ कमी होतो, ताठ कप्पा नीट भरत नाही आणि दाब मागे फुप्फुसांकडे सरकतो. माणूस दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहतो.

नेमकी अडचण

ताईंचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, मी दिवसभर उभी असते. अजून कसला व्यायाम करू?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कष्ट करणाऱ्या कितीतरी बायका तो विचारतात आणि 'ते वेगळं, हे वेगळं' एवढ्यावर त्यांची बोळवण होते. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. म्हणजे कामातल्या हालचालीचाही हृदयाला फायदा होतो, मात्र ती हालचाल हृदयाला खरंच कामाला लावणारी हवी. ताईंच्या मनगटावर एक दिवस नाडी मोजणारं घड्याळ बांधलं. ऐन गर्दीत, एका हाताने लाटणं आणि दुसऱ्या हाताने उलथणं चालू असताना नाडी ९८ ते १०४ मध्ये राहिली. पाय एका जागी रोवलेले, पोटऱ्या आखडलेल्या. दिवसातून दोनदा जिना चढताना मात्र ती थेट १४० च्या वर गेली. म्हणजे दिवसभर थकवा येत होता, पण हृदयाला सराव मिळत नव्हता. आणि जेव्हा हृदयावर भार यायचा, तेव्हा तो एकदम यायचा.

दुसरी अडचण गुडघ्यांची. दोन्ही गुडघ्यांची झीज सुरू झाली होती. डॉक्टरांनी आधी 'रोज पाऊण तास चाला' सांगितलं होतं. त्यांनी ते मनापासून केलं आणि तीन आठवड्यांत उजवा गुडघा सुजला. चालताना गुडघ्यावर नुसतं शरीराचं वजन पडत नाही. एक किलो वजन वाढलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी वाढतो.

तिसरी गोष्ट चिठ्ठीत नव्हती. चालणं बंद पडल्यावर मुलाने त्यांना जिममध्ये घातलं होतं. तिथल्या प्रशिक्षकाने लेग प्रेस मशीनवर बसवून 'अजून दोन, अजून दोन' करत वजन वाढवलं. ताईंनी श्वास रोखून जोर लावला आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यानंतर घरात सगळ्यांनी धास्ती घेतली. मिस्टरांचं मत पडलं की आधी डाएटने वजन उतरू दे, मग व्यायामाचं बघू.

समोर असलेले पर्याय

पर्याय मांडण्याआधी डॉक्टरांना ट्रेडमिल टेस्ट करायची विनंती केली. अंधारी आलेली, रक्तदाब ताब्यात नाही, चाळिशी उलटलेली, आणि पुढे व्यायामाचा जोर वाढवायचा होता. ताई पाच मिनिटांच्या आत थांबल्या, निम्मं कारण दम आणि निम्मं गुडघा. क्षमता साधारण ६ मेट, म्हणजे स्वस्थ बसलेलं असताना शरीराला लागते त्याच्या सहापट ऊर्जेचं काम झेपलं. हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण दिसली नाही, पण रक्तदाब १९८/९६ पर्यंत चढला. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची दुसरी गोळी जोडली आणि रोज सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजायला सांगितलं.

मग ताई, मिस्टर, मुलगा आणि सून यांना एकत्र बसवून बोलले. स्वयंपाकघर आणि धंदा ज्या घरात एकच असतात तिथे ताईंच्या व्यायामाचा वेळ सगळ्या घराने काढून द्यावा लागतो.

मिस्टरांचा पर्याय, म्हणजे आधी डाएट, अगदीच चुकीचा नव्हता. वजन उतरण्याला महत्त्व आहेच. अमेरिकेत मधुमेही आणि जास्त वजनाच्या पाच हजारांवर लोकांमध्ये झालेल्या 'लुक अहेड' चाचणीत आहार-व्यायामाच्या गटाला एकूण पाहता हृदयाच्या झटक्यांत फायदा दिसला नाही. पण नंतरच्या विश्लेषणात पहिल्याच वर्षी दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरवलेल्यांचा धोका कमी आढळला. तरी व्यायाम पुढे ढकलण्यात तोटा होता. नुसत्या उपासमारीने उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि ताईंच्या मांड्या आधीच अशक्त होत्या.

मुलाचा आग्रह वजनांचा. इथे मला थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण 'वजनं उचलली की चरबी जळते, चालण्याने काही होत नाही' हे वाक्य हल्ली तरुण मुलांच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. अमेरिकेतल्या आयोवामध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आले. ३५ ते ७० वयाचे, वजन जास्त आणि रक्तदाब वाढलेले ४०६ लोक. एका गटाने फक्त एरोबिक (चालणं, सायकल असे दमसास वाढवणारे व्यायाम), दुसऱ्याने फक्त वजनं, तिसऱ्याने दोन्ही निम्मं-निम्मं, चौथ्याने काहीच नाही. आठवड्यातून तीनदा, एक तास, वर्षभर. रक्तदाब, एलडीएल, उपाशीपोटी साखर आणि शरीरातली चरबी यांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा एरोबिक आणि दोन्ही करणारे गट सुधारले. फक्त वजनं उचलणाऱ्या गटात तो एकत्रित फायदा दिसला नाही. विशेष म्हणजे निम्माच वेळ एरोबिक करणारे पूर्ण वेळ करणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत आणि त्यांची ताकद वाढली ती वेगळीच.

पण वजनांना मोडीत काढायचंही कारण नाही. डेन्मार्कमध्ये पोट सुटलेल्या ५० लोकांवर १२ आठवड्यांचा एक छोटा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला चिकटून असलेली चरबी दोन्ही प्रकारच्या व्यायामाने कमी झाली, आणि त्याबाहेरच्या आवरणाभोवतीची चरबी फक्त ताकदीच्या व्यायामाने. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं ठरवता येत नाही. पण हृदयाला वजनांशी काही देणंघेणं नाही, असंही म्हणता येत नाही.

सुनेने मोबाइलवरचे झटपट घाम काढणारे व्हिडिओ सुचवले, उड्या आणि बर्पी असलेले. जोराचे इंटरव्हल हृदयाची क्षमता झपाट्याने वाढवतात, हे खरं आहे. नॉर्वेमध्ये रूढ झालेल्या पद्धतीत चार मिनिटं जोर, तीन मिनिटं सौम्य, असं चारदा करतात. जोर म्हणजे कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्के. पण ६ मेटवर थांबणाऱ्या, रक्तदाब अजून हाताशी न आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला उड्या मारायला लावणं मला मान्य नव्हतं. इंटरव्हल पुढे येतील, पण उड्यांशिवाय आणि हळूहळू, असं ठरलं.

भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसण्याचा व्यायामही चर्चेत आला. एका जागी स्नायू ताणून धरण्याच्या अशा व्यायामांनी रक्तदाब चांगला उतरतो, हे २०२३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं होतं. ताईंच्या गुडघ्यांना तो पेलवणारा नव्हता आणि धापेवरचा तो उपायही नव्हता. पोहणं गुडघ्यांसाठी उत्तम, पण बायकांची बॅच नेमकी डब्यांच्या वेळेला. सूर्यनमस्कारांत गुडघे आणि वाकताना पोट, दोन्ही आडवं येत होतं.

काय ठरवलं आणि काय केलं

पहिला निर्णय क्रमाचा होता. हृदयासाठी एरोबिक हा पाया, यात शंका नव्हती. पण ज्या पायांवर तो उभा करायचा तेच साथ देत नव्हते. म्हणून पहिले सहा आठवडे चालणं पूर्ण बंद ठेवलं. दमसास वाढवायला स्थिर सायकल आणि मांड्या बळकट करायला ताकदीचे साधे व्यायाम.

सायकल शेजारच्या घरात कपडे वाळत घालायला वापरली जात होती, ती मिळाली. सीट उंच करून घेतली, म्हणजे पॅडल खाली असताना गुडघा जवळपास सरळ होईल. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि मग 'सायकलनेही दुखतं' म्हणून लोक सोडून देतात. वेळ ठरली दुपारी साडेतीनची. सुरुवात दहा मिनिटांनी, सकाळच्या डब्यांनंतर आणखी दहा. जोर किती, तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका. ताईंना भजनाची आवड आहे, त्यामुळे हे माप त्यांना लगेच उमगलं. नाडीचा आकडा मी मुद्दाम दिला नाही. घड्याळाकडे बघत बसणारी माणसं घाबरून सायकल थांबवतात.

ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला हात टेकून पुशअप, रबरी पट्टा ओढणं, टाचा उचलणं, बुटक्या पाटावर पाय ठेवून चढणं. आठवड्यातून तीन दिवस. नियम एकच : जोर लावताना आकडे मोठ्याने मोजायचे. 'एक' म्हणताना उठायचं, श्वास घेत बसायचं. तोंडाने आकडा निघत असेल तर श्वास रोखलेला नसतो. जिममधल्या अंधारीमागे बहुतेक तेच होतं. श्वास कोंडून लेग प्रेसवर जोर लावला तर धट्ट्याकट्ट्या तरुणांचा वरचा रक्तदाबही क्षणभर ३०० च्या पलीकडे जाऊ शकतो, आणि श्वास सोडल्यावर तो झपकन पडतो. हे मी मुलाला समजावलं. त्याने जिमच्या प्रशिक्षकाला दोष देत बसण्याऐवजी आईसमोर बसून आकडे मोजायचं काम स्वतःकडे घेतलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

सातव्या आठवड्यात खुर्चीवरून तीस सेकंदांत उठण्याचा आकडा आठवरून तेरावर गेला. तेव्हा सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं चालणं सुरू केलं, दिवसाआड. दहाव्या आठवड्यापासून सायकलवर एक मिनिट जोर आणि दोन मिनिटं हळू, असे सहा फेरे.

दोन अडथळे

आठव्या आठवड्याला वजनकाटा ८६.८ दाखवत होता. सव्वा किलो. घरात "एवढं करून काय उपयोग" सुरू झालं. ताईंनी रात्रीचं जेवण परस्पर बंद केलं आणि सकाळी पोळ्या लाटताना हात थरथरायला लागले. इथे दोन वाटा होत्या. आहारतज्ज्ञांकडून काटेकोर डाएट लावायचं, किंवा वजनाचा आकडाच काही काळ बाजूला ठेवायचा. आम्ही दुसरी वाट घेतली. पोटाचा घेर चार सेंटिमीटरने उतरला होता. सहा मिनिटांत चालून होणारं अंतर ३८० मीटरवरून ४३५ झालं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत आता एकदाच थांबावं लागत होतं. हे आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लावले आणि वजन महिन्यातून एकदाच करायचं ठरलं. रात्रीचं जेवण परत आलं. त्यातला भात कमी झाला आणि उसळ वाढली. दिवसभर चव बघताना पोटात जाणारं तेल आणि चहातली साखर, यांवरही तेव्हाच बोलणं झालं.

दुसरा अडथळा दिवाळीचा. फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की ताई पंधरा-सोळा तास चुलीपुढे असतात. व्यायाम थांबवला तर कमावलेली क्षमता दोन ते चार आठवड्यांत घसरायला लागते. 'काही झालं तरी पूर्ण व्यायाम करा' म्हणणं त्यांच्या जगण्याशी बेईमानी झाली असती. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्याच महिन्यात येतो. म्हणून दिवाळीपुरता तळाचा आकडा ठरवला : दुपारी सायकल दहा मिनिटं आणि चकल्यांचा घाणा तळून होईस्तोवर खुर्चीवरून पंधरा वेळा उठबस. चार आठवडे एवढंच झालं. दिवाळीनंतरच्या तपासणीत सहा मिनिटांचं अंतर फक्त दहा मीटरने घटलेलं होतं.

निष्पत्ती

नऊ महिन्यांनंतर वजन ८२.५ किलो, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास घट. पोटाचा घेर ९९. घरच्या नोंदींची सरासरी १२८/८०. विश्रांतीतली नाडी ७६. एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड १४२, एचडीएल ४२. ट्रेडमिलवर क्षमता साधारण ८ मेट, आणि या वेळी थांबण्याचं कारण गुडघा नव्हता. तीन मजले त्या आता न थांबता चढतात.

मला यातला सगळ्यात मोलाचा आकडा ६ वरून ८ मेट हा वाटतो. मोठ्या लोकसंख्यांच्या अभ्यासांत एका मेटने जास्त क्षमता असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसलं आहे. एका व्यक्तीला ते गणित तसंच्या तसं लावता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

रक्तदाबाचं श्रेय मात्र वाटून द्यावं लागतं. नवी गोळी, कमी झालेलं मीठ आणि व्यायाम, तिन्ही एकाच काळात सुरू झालं. एलडीएल १३८ वरून १३१ वर आलं, म्हणजे जवळपास जागच्या जागी. यात आश्चर्य नाही, व्यायामाने एलडीएल फारसं हलत नाही. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू केलं. ताईंना वाईट वाटलं, "एवढं करूनही गोळी वाढलीच." गोळी लागणं म्हणजे व्यायाम वाया जाणं नव्हे, हे समजावण्यात त्या दिवशीचा बराच वेळ गेला. वर्षाअखेरच्या इकोमध्ये भिंतीची जाडी तेवढीच होती. कप्पा सैल होण्याचा वेग किंचित सुधारल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं.

असं प्रकरण पुन्हा आलं तर

ताकद आधी आणि चालणं नंतर, हा क्रम मी तसाच ठेवेन. गुडघे ठणठणीत असलेल्या माणसाला त्याची गरज नाही, त्याने पहिल्या दिवसापासून भरभर चालावं आणि सोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत.

इंटरव्हलचा जोर आणखी लवकर वाढवता आला असता. सोळाव्या आठवड्याला रक्तदाब स्थिर होता आणि गुडघे शांत होते. तिथून चार-चार मिनिटांच्या जोराकडे गेलो असतो तर क्षमता कदाचित आणखी वाढली असती. दिवाळी मध्ये आल्यामुळे ते राहून गेलं.

झोपेबद्दल मात्र पहिल्याच भेटीत विचारायला हवं, आणि ते घरच्या माणसाला विचारायला हवं. सकाळचा रक्तदाब संध्याकाळपेक्षा सतत जास्त का येतो, हे कोडं तिसऱ्या महिन्यात सुटलं. "अहो, ही घोरते आणि मधेच श्वास बंद पडल्यासारखा होतो," असं मिस्टर सहज बोलून गेले. तपासणीत झोपेत श्वास अडखळण्याचा मध्यम स्वरूपाचा त्रास निघाला. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि दिवसा अंगात त्राण राहत नाही, म्हणजे व्यायामाच्या मुळावरच घाव. मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या, रात्री लावायच्या सीपॅप मशीनला ताई अजून तयार नाहीत. खर्च आहे, आणि तोंडावर मास्क लावून झोप लागेल का ही भीती आहे. सध्या त्या कुशीवर झोपतात. पाच-सहा किलो आणखी उतरले तर हा त्रास कमी होऊ शकतो. त्यासाठी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विचार करायचा का, यावर डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. तसं ठरलं तर स्नायू टिकवण्यासाठी ताकदीचे व्यायाम तीनवरून चार दिवस करायचे आणि पाटाची उंची वाढवायची, एवढं आम्ही आत्ताच लिहून ठेवलं आहे.